मंगळवारचा पडदा

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तुला राग येतो, म्हणून मुद्दाम तिथूनच सुरुवात केली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा आईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नणंद वयानं लहान असली तरी तिला नावानं हाक मारायची नाही. तू दोन वेण्या घालून दारात उभी होतीस, पुढचा एक दात पडलेला. मी वन्सं म्हणाले आणि तू मागे वळून पाहिलंस, की ही बाई कोणाशी बोलतेय. आता तुझ्या वेण्या गेल्या, माझे गुडघे गेले, हाक तेवढी टिकली आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण मी आपल्या गरम झऱ्यावरच्या न्हाणीघराचा विषय काढला की नेमकं तुझ्या दारावर कोणीतरी येतं. कधी गिऱ्हाईक, कधी शेजारीण, कधी कुरियरवाला. इतकी माणसं येत असतील तर शिवणकाम सोड आणि चहाची टपरी काढ, बरी चालेल. पत्राला मात्र ही सबब चालत नाही. फार तर घडी करून कात्रीखाली ठेवशील, पण मी तुला ओळखते, भाजी चिरता चिरता हात पुसून पुन्हा उघडशील. तुझा दादा समोर बसून विचारतोय, एवढं काय लिहितेस. मी म्हटलं, तुझ्या तक्रारी. आता तो माझ्या पेनाकडे संशयानं बघतोय.

इथलं बरं चाललंय. पंपाजवळ बसून बसून दादाचा एक कान कामातून गेलाय, पण त्याला नको असलेलंच त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे डॉक्टरांकडे न्यायची मला घाई नाही. कडक कुंडाचा गंधकाचा झरा यंदा जरा रागात आहे, आत पाय ठेवला की आईंची आठवण येते. कोमट कुंड मात्र अगदी तुझ्या आवडीचं आहे, तासभर बसलं तरी जीव घाबरा होत नाही. त्याच्या कडेच्या दगडांना धरून तू चालायला शिकलीस असं आई सांगायच्या. शाळेतून आलीस की दप्तर एकीकडे, चपला दुसरीकडे आणि तू पाण्यात, जेवायला बाहेर काढायला तुझ्या दादाला दम द्यावा लागायचा.

माझा इथला पहिला दिवस तुला आठवतो का, माहीत नाही. माझ्या माहेरी दाराला कडी घालून अंघोळ करायची सवय, आणि इथे वाफेत बायकाच बायका. कोणी एकमेकींच्या पाठी घासतायत, कोणी सुनेच्या कागाळ्या सांगतायत, कोणाला कशाची म्हणून लाज नाही. मी खांबाआड टॉवेल गळ्यापर्यंत ओढून उभी होते, रडायच्या बेतात. मग तू कुठूनशी आलीस, दुसरा एक मोठा टॉवेल माझ्यासमोर दोन्ही हातांनी ताणून धरलास, तोंड पलीकडे फिरवलंस आणि म्हणालीस, वहिनी, मी बघत नाहीये आणि दुसऱ्या कोणाला बघू पण देणार नाही. टॉवेल तुझ्याहून मोठा होता, खालून ओला होऊन जड झाला होता, पण मी गळ्यापर्यंत पाण्यात जाईपर्यंत तू तो खाली घेतला नाहीस. या घरात मला आपलं वाटलं ते त्या दिवशी.

आणि तीच तू ऑपरेशन झाल्यापासून पाण्याकडे फिरकली नाहीस. घरी येतेस, जेवतेस, माझ्या कपड्यांच्या उसवलेल्या शिवणी दुरुस्त करून देतेस, दादाशी भांडतेस आणि न्हाणीघराच्या पायऱ्यासुद्धा न चढता संध्याकाळच्या गाडीनं परत जातेस. डॉक्टरांनी गरम पाणी वर्ज्य सांगितलंय म्हणतेस. दादा त्यावर विश्वास ठेवतो, कारण त्याला विश्वास ठेवायचा असतो. मी काही बोलत नाही, पण तू गेलीस की बायकांच्या बाजूच्या तुझ्या खुंटीवरची धूळ पुसते. ती खुंटी मी अजून कोणाला दिलेली नाही.

बरं, आता गावची बातमी. खालच्या शहरात नवा विमानतळ झाला हे तुला ठाऊक आहेच. तिथे लांबलांबच्या देशांतून थेट विमानं यायला लागली आणि तिथली माणसं थंड हवा खायला, डोंगर बघायला आणि आपल्या पाण्यात बसायला वर यायला लागली. त्यातली बरीचशी मुसलमान. आपल्या गावात मुसलमानाचं एकही घर नाही, कधी नव्हतं. जे काही ठाऊक होतं ते टीव्हीवरचं, आणि टीव्हीवर कोणी सुट्टीला आलेलं कुटुंब दाखवत नाही. त्यामुळे पहिली गाडी चौकात थांबली आणि आतून आजोबा, आजी, लेकरं, बाळाची गाडी, डब्यांच्या पिशव्या आणि उलटी झालेली एक मुलगी असं सगळं उतरलं, तेव्हा लोक जरा हिरमुसलेच. यांच्याही पोरांना घाटात गाडी लागते हे बघून काय वाटून घ्यावं, ते कोणाला कळेना.

मग गावात दोन तट पडले, म्हणजे आपल्याकडे पाण्याच्या नळावरूनही पडतात, तसे. पाववाला उत्साहात. त्यानं दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी चिकटवली, यात डुकराची चरबी नाही. पावावर, बिस्किटांवर, इथवर ठीक, पण मेणबत्त्यांवर आणि छत्र्यांवरसुद्धा. एका पाहुण्या आजोबांनी म्हणे फार गंभीरपणे विचारलं की समोरच्या दुकानातल्या छत्र्यांत असते का. लॉजवाल्यानं प्रत्येक खोलीत नमाजाची दिशा दाखवणारा बाण रंगवून घ्यायचं ठरवलं. काम दिलं आपल्या रंगाऱ्याला. त्या बिचाऱ्यानं जन्मभर बाण काढले ते आग लागल्यावर बाहेर पडायच्या वाटेचे. त्यानं प्रत्येक खोलीत सुबक हिरवा बाण काढला आणि प्रत्येक बाण जिन्याकडे. एका खोलीतला पूर्वेला, समोरच्या खोलीतला पश्चिमेला. पाहुण्यांची तक्रार नाही. ते आपले मोबाइलमध्ये दिशा बघत आणि बाणाकडे पाठ करून उभे राहत. पुष्कळ दिवसांनी एका बाईनं जाता जाता लॉजवाल्याला हळूच सांगितलं, तेव्हा तो रंगाऱ्याच्या घरी गेला आणि दोघं पायरीवर बसून हसत राहिले.

दुसऱ्या बाजूला तुझे मास्तर. रिटायर झाले तरी अजून सगळ्या गावाला बाकावर उभं करतात. औषधवाले त्यांच्या बाजूचे. औषधवाल्यांचं एकच पालुपद, माणसं वाईट नाहीत हो, पण किती म्हणून? हे ते पाहुण्यांना उलटीच्या गोळ्या देता देताच म्हणतात. मास्तरांचं मात्र मला निराळं वाटतं. वाट चुकलेलं कुटुंब दिसलं तर त्यांची बॅग उचलून लॉजपर्यंत सोडायला जाणारे पहिले मास्तरच, आणि दुसऱ्या दिवशी गाव आपलं राहिलं नाही म्हणून अर्ज लिहिणारेही मास्तरच. त्यांना विचारलं तर म्हणतात, बॅग एका माणसाची असते, गाव सगळ्यांचं. त्यांची दोन्ही मुलं परदेशी राहतात, चार ओळखीची तोंडं दिसावीत म्हणून ते रोज चौकात जाऊन बसतात. तिथे अनोळखी तोंडं वाढली की त्यांना काय होत असेल, ते मला कळतं. कळलं म्हणून त्यांच्या अर्जावर सही करावी, असं मात्र नाही.

मी कोणत्या तटात होते म्हणशील तर खरं सांगते, मी जाळीच्या तटात होते. पहिल्यांदा त्या बायका आल्या त्या अंगभर पोहायचे कपडे घालून, डोक्यापासून घोट्यापर्यंत. आपला नियम तुला माहीतच आहे, कपड्यानं पाण्यात उतरायचं नाही, दोरे निघून पंपाची जाळी तुंबते. मी आवाज चढवला. त्यांना शब्द कळले नाहीत, पण चढलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. त्या भांडल्या नाहीत. मुकाट्यानं कडेला ओळीनं बसल्या आणि पाण्यात फक्त पाय सोडले. इतक्या लांबून येऊन घोट्यापर्यंत पाणी. त्यांच्यातली एक तरुण सून त्या मोठ्या काचांकडे बघत होती.

काचा तू आतून पाहिलेल्याच नाहीत. तुझं ऑपरेशन झालं त्याच हंगामात दादाच्या डोक्यात दरीच्या देखाव्याचं खूळ शिरलं आणि त्यानं जुनी दगडी भिंत पाडून जमिनीपासून छतापर्यंत काच लावली. दरी दिसते, हे खरं. पण दरीच्या वाटेनं चालणाऱ्याला आपणही दिसतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही, कारण त्याच्याकडे बघतंय कोण. काच लागली आणि मग हळूहळू आपल्या गावच्या जुन्या बायका यायच्या बंद झाल्या. टपालबाईंचे गुडघे दुखायला लागले. मास्तरीणबाईंना सर्दी झाली ती बरीच होईना. प्रत्येकीचं कारण वेगळं, म्हणून मीही त्याचा कधी एकत्र विचार केला नाही. त्या परक्या मुलीनं काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं, हे बघणं मी आधी कितीतरी तोंडांवर पाहिलंय.

तिनंच मग मोबाइलवर लिहून मला दाखवलं, पुरुष नसतील आणि काच झाकलेली असेल अशी एखादी वेळ आहे का. असली तर या कपड्यांची आम्हाला गरज नाही. जाळी वाचत होती, त्यामुळे माझा विरोध तिथेच संपला. मी तंबूचं जाड कापड आणलं आणि स्वतः पडदा शिवला. तू तो बघू नयेस हे बरं. एक बाजू लांब, एक आखूड, आणि शिवण माझ्या हस्ताक्षरासारखी. पण काच झाकते. मंगळवारी दुपारपासून दिवेलागणीपर्यंत न्हाणीघराच्या दोन्ही बाजूंना फक्त बायका, असं ठरलं. दादाचीसुद्धा हकालपट्टी. तो पाववाल्याकडे जाऊन बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो की मंगळवारी मी निर्वासित असतो. पहिल्या मंगळवारी पंप मीच चालवला, भलतीच चावी फिरवली आणि कोमट कुंडात डोंगरावरचं थंड पाणी सोडलं. पाहुण्या दात वाजवत बसल्या होत्या आणि मान हलवून मला सांगत होत्या, छान आहे, छान आहे.

मग एके मंगळवारी लाकडांच्या खोलीतल्या मागच्या दारानं टपालबाई आल्या. म्हणाल्या, ही मंडळी नियम पाळतात की नाही बघायला आलेय. बसून बघितलं. पुढच्या खेपेला बघायला आल्या त्या टॉवेल घेऊन. त्यानंतर गुडघे धरत पाण्यात उतरल्या आणि डोळे मिटून इतका मोठा सुस्कारा टाकला की सगळ्यांनी वळून पाहिलं. तुला वाटेल, त्यांचं मन बदललं. छे. अजूनही म्हणतात, मला ही माणसं फारशी आवडत नाहीत, पडदा आवडतो. पण कडक कुंडात बाजूला वळून कसं उतरायचं, आधी टाच की आधी चवडा, हे त्या प्रत्येक नव्या पाहुणीला हाताला धरून शिकवतात, आणि कोणी घाईनं उतरली तर रागावतातही. एकेक करून बाकीच्याही आल्या, सगळ्या मागच्या दारानं. मास्तरीणबाई सांगत, की घरी दातांच्या डॉक्टरकडे जाते म्हटलंय. एवढे दात कोणाला असतात, मला माहीत नाही.

इकडे मास्तरांचा अर्ज तयार झाला. आपलं न्हाणीघर गावाचं आहे, पाहुण्यांच्या रीतीसाठी गावातल्या माणसांवर दार बंद होतं, गावातल्या एकाही बाईनं असा पडदा मागितलेला नाही. सभा बोलावली. तुझा दादा दोन दिवस जेवला नाही नीट. कारण गावानं नाही म्हटलं तर पडदा काढावाच लागणार होता. झरा गावाचा आहे, आपण फक्त राखणदार. मलाही धास्ती होती, आणि ती पाहुण्यांसाठी नव्हती, ते पुढे सांगते. मास्तरांकडून चूक झाली ती एवढीच, की शाळेचा हॉल मोकळा मिळाला म्हणून त्यांनी सभा ठेवली मंगळवारी संध्याकाळी.

बाहेर थंडी. हॉल भरलेला. मास्तर उभे राहिले, चष्मा लावला, अर्ज वाचायला लागले. डोकं झाकलेल्या बायका आपल्या रस्त्यांवर दिसू लागल्यापासून, असं काहीसं वाक्य होतं. ते म्हणून त्यांनी वर बघितलं. समोर बायकांच्या बाजूला ओळीच्या ओळी, आणि एकजात सगळ्यांची डोकी रुमालानं बांधलेली, कारण केस ओले होते आणि वारं झोंबत होतं. औषधवाले नाक उडवत म्हणाले, गंधकाचा वास कुठून येतोय हो? ज्या बायकांना काही म्हणायचं होतं, त्यांचे रुमालच बोलत होते. मास्तरांची नजर फिरत फिरत स्वतःच्या बायकोवर आली. मास्तरीणबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, केस वाळायला वेळ लागतो, तुम्ही सभा बुधवारी ठेवायची होती. तुझा दादा, ज्याला ऐकू येत नाही, तो सगळ्यांच्या आधी हसला.

मास्तरांनी अर्ज फाडला वगैरे काही नाही. घडी घातली, खिशात ठेवला आणि म्हणाले की पडदा तूर्त राहू द्यावा, थंडी संपल्यावर बघू. औषधवाले म्हणाले, राहू दे, पण किती म्हणून. घरी जाताना मास्तरांनी बायकोला विचारलं की मला का नाही सांगितलंस. त्या म्हणाल्या, मी न्हाणीघरात जायची बंद झाले होते तेव्हा तुम्ही कुठं विचारलंत, का बंद झालीस म्हणून. हे त्यांनीच पुढच्या मंगळवारी पाण्यात बसून सांगितलं. परवा मास्तर त्यांना न्हाणीघराच्या दारापर्यंत सोडायला आले होते. पुढच्या दारापर्यंत. आत जाईपर्यंत थांबले, मग पाववाल्याकडे दादाशेजारी जाऊन बसले. आता तिथे दोन निर्वासित झाले.

इथपर्यंत तू हसत वाचलं असशील. हसवायलाच लिहिलं. आता दार वाजलं तरी उठू नकोस.

गेल्या मंगळवारी त्या पाहुण्यांमध्ये एक वयस्क बाई होत्या, सून बरोबर होती. माझ्याहून थोड्या मोठ्या असतील. पडदा नीट लागलाय ना, हे त्यांनी स्वतः हात लावून पाहिलं, मग वरचा लांब झगा काढून खुंटी शोधू लागल्या. आतून गुडघ्यापर्यंतचं काहीतरी आणि बिनबाह्यांचा साधा बनियन होता. पाण्यात उतरण्याआधी अंगावर तांब्यानं पाणी घ्यायचं असतं, तर त्या डाव्या हातानं घेत होत्या आणि उजवा खांदा कोरडाच राहत होता. उजवा हात वर जातच नव्हता. मी पुढे झाले, तांब्या घेतला, त्यांच्या खांद्यावर पाणी ओतलं. बनियन भिजून अंगाला चिकटला. एका बाजूला छाती होती, एका बाजूला नव्हती, आणि काखेतून आत गेलेला व्रण बनियनच्या कडेतून दिसत होता. वन्सं, मी तांब्या धरून तशीच उभी राहिले. असं अंग मी कधी पाहिलंच नव्हतं. घरातलं एक होतं, पण ते तू मला पाहू दिलं नाहीस, आणि मी मागितलं नाही. फडताळातलं पीठ काढताना तू हात बदलतेस, आमच्याकडे येताना सैल झगेच घालतेस, हे सगळं मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी तुझ्यासमोर भाजीचे भाव बोलत होते.

त्या बाई तशाच बनियनवर कोमट कुंडात उतरल्या, आणि मला जाळीची आठवणही झाली नाही. कडेला टॉवेलची घडी ठेवली आणि उजवा हात त्या घडीवर, पाण्याबाहेर ठेवला. सुनेनं मोबाइलवर सांगितलं, डॉक्टरांनी हा हात गरम पाण्यात बुडवू नका म्हटलंय, आणि कडक कुंड नको म्हटलंय. कोमट पाण्यात थोडा वेळ बसायला त्यांच्या डॉक्टरांची हरकत नाही. तू तुझ्या डॉक्टरांना विचार, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. पण विचार. न विचारता तूच उत्तर देऊन टाकू नकोस.

बाहेर येऊन कपडे घालताना त्यांनी एका रिकाम्या खुंटीवर हात ठेवला आणि भुवया उंचावल्या, की बाकी सगळ्या भरलेल्या, ही का रिकामी. तुझी खुंटी. मी म्हणाले, माझ्या नणंदेची. मोबाइलनं ते काय सांगितलं कोण जाणे, सासू-सून माझ्याकडे बघत राहिल्या. ती येत नाही का, असं त्यांनी विचारलं. मग मी माझ्याच छातीवर आडवा हात फिरवला. इतक्या दिवसांत हे मी कोणापुढे बोललेले नाही, तुझ्या दादापुढेही नाही, आणि बोलले ते एका परक्या बाईपुढे, तेही हातानं. त्यांनी माझा तोच हात धरला आणि मी तिथे, ओल्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी, हुंदके देऊन रडले. टपालबाई लांबून बघत होत्या. नंतर काहीही न विचारता त्यांनी ते सगळे टॉवेल पिळून ठेवले.

जाताना त्या बाई दारातून परत फिरल्या आणि सुनेकडून माझ्यासाठी एक निरोप लिहवून घेतला. माझ्यासाठी म्हणजे तुझ्यासाठी. हे पत्र लिहिलं ते तो पोचवायला, बाकी सगळी प्रस्तावना. त्या म्हणाल्या, तुमच्या नणंदेला सांगा, पहिल्या वेळी मी भिंतीकडे तोंड करून बसले होते. कोणाकडे पाठ आहे याचा विचार केला नाही. पाणी पाठीकडूनही तेवढीच ऊब देतं. वळावंसं वाटेल तेव्हा वळायचं, नाही वाटलं तर नाही. एवढंच. वन्सं, मंगळवारी ये. सभेच्या वेळची माझी धास्ती हीच होती, की पडदा गेला तर तुला कुठं बोलावू. दादाला सांगेन की पडद्याची शिवण नीट करायला बोलावलंय, आणि ते खोटंही नाही, ती तू एकदा बघच. लाकडांच्या खोलीचं मागचं दार उघडं ठेवीन. मोठा टॉवेल धुऊन ठेवलाय. तो मी दोन्ही हातांनी ताणून धरीन, तोंड पलीकडे करीन, मी बघणार नाही आणि दुसऱ्या कोणाला बघू देणार नाही, तू गळ्यापर्यंत पाण्यात जाईपर्यंत.

तुझीच, आणि अजूनही कडक कुंडाला भिणारी,
वहिनी